शिकारीच्या शास्त्रातून भूनीतीकडे

१९३३ साली न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर या प्रकाशनसंस्थेने ‘गेम मॅनेजमेंट’ नावाचा एक भरघोस ग्रंथ प्रसिद्ध केला. शिकारीस योग्य अशा रानटी पशुपक्ष्यांची पैदास, जमीन न थकविता, दरवर्षी पिकासारखी कशी काढावी, त्यासाठी कुरण कोठे राखावे, झाडोरा कोठे ठेवावा, पाण्याची सोय कशी करावी आणि बंदुकीचे परवाने कोणत्या महिन्यात किती द्यावेत, याचे ते पहिले सुव्यवस्थित शास्त्र होते. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाने ग्रंथकर्ता आल्डो लिओपोल्ड याला या विषयाचे प्राध्यापकपद दिले. ते शेतीच्या अर्थशास्त्राच्या विभागात दिले, हेही त्या शास्त्राच्या स्वरूपाला धरूनच झाले. सोळा वर्षांनी, १९४९ मध्ये, याच लेखकाचे ‘ए सॅण्ड काउंटी अल्मनॅक’ हे लहानसे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर बाहेर पडले. माती, पाणी, वनस्पती आणि प्राणी मिळून जो समुदाय होतो त्याचेच नाव भूमी, मनुष्य हा त्या समुदायाचा धनी नसून रहिवासी आहे, आणि रहिवाशाला जशी शेजाऱ्यांप्रती कर्तव्ये असतात तशी त्याला भूमीप्रतीही आहेत, असे प्रतिपादन त्यातील अखेरच्या निबंधात होते. या विचारास भूनीती म्हणतात, आणि वन्यजीव-व्यवस्थापन शिकावयास निघालेल्या विद्यार्थ्याची त्याच्याशी कोठे ना कोठे गाठ पडतेच.

पहिल्या पुस्तकातला पिकाचा अंदाज बांधणारा हिशेबनीस आणि दुसऱ्यातला नीतीचा प्रवक्ता हे एकच गृहस्थ कसे, असा प्रश्न पडला म्हणजे सर्वसाधारण वाचक एका प्रसिद्ध प्रसंगाचा आधार घेतो. ॲरिझोनाच्या डोंगरात लिओपोल्ड आणि त्याचे सोबती कड्यावर बसून दुपारचे खात असता खाली नदी ओलांडणारी लांडगीण आणि तिची पिले त्यांना दिसली. त्यांनी बंदुका रिकाम्या केल्या. आणि खाली उतरून तो पोहोचला तेव्हा मरणाऱ्या लांडगिणीच्या डोळ्यांतले तेज विझताना त्याने पाहिले. वाल्याचा वाल्मीकी झालेला आपल्याला आवडतो, आणि हा प्रसंग त्या साच्यात चपखल बसतो. परंतु तारखा आड येतात. गोळी झाडली गेली १९०९ साली. अकरा वर्षांनी, १९२० मध्ये, न्यूयॉर्कच्या एका परिषदेत हाच गृहस्थ न्यू मेक्सिकोतील शेवटचा लांडगा आणि शेवटचा प्यूमा संपविण्यास धीर व पैसा दोन्ही लागतील, पण ते काम तडीस नेलेच पाहिजे, असे बजावीत होता. आणि त्या विझत्या डोळ्यांविषयी त्याने लिहिले ते १९४४ साली. पश्चात्तापाला पस्तीस वर्षे लागत नाहीत. त्या पस्तीस वर्षांत काय घडले हे त्याच्या अहवालांतून, पाहणीच्या टिपणांतून आणि समित्यांच्या भांडणांतून पाहिले, तर भूनीती ही एका फसलेल्या जमाखर्चाच्या वहीतून वर आली असे माझे मत झाले आहे.

लिओपोल्ड ज्या खात्यात वाढला त्या खात्याची वंशावळ आपल्याला अगदीच अनोळखी नाही. डिट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ १८५६ साली ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवानी जंगलांवर नेमला गेला आणि १८६४ मध्ये हिंदुस्थान सरकारचा पहिला इन्स्पेक्टर जनरल ऑफ फॉरेस्ट्स झाला. राखीव जंगल, त्याचे मोजमाप, कूप पाडण्याचा क्रम आणि वर्किंग प्लॅन यांचा जो शिरस्ता आपल्या इलाख्यात रुजला तो त्याच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या हातचा. आणि १८८३ साली महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना ज्या जंगलखात्यावर कोरडे ओढले तेही हेच खाते. नोकरीतून निवृत्त होऊन ब्रँडिस बॉनला राहावयास गेला असता गिफर्ड पिंचो नावाचा एक श्रीमंत अमेरिकन तरुण वनशास्त्र कोठे शिकावे हे विचारावयास त्याच्याकडे आला. पुढे १९०५ साली अमेरिकेची वनसेवा स्थापन झाली तेव्हा तिचा पहिला प्रमुख हाच पिंचो झाला. येल विद्यापीठातील वनशाळा त्याच्याच कुटुंबाच्या देणगीतून १९०० साली निघाली. आणि त्या शाळेतून १९०९ मध्ये पदवी घेऊन लिओपोल्ड थेट वनसेवेत दाखल झाला. तेव्हा अमेरिकेच्या रानात उमललेल्या या तत्त्वज्ञानाच्या मुळाशी हिंदुस्थानातील जंगलखात्याच्या दफ्तराचा थोडासा अंश आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

पिंचोचे तत्त्व उपयुक्ततेचे होते: निसर्गसंपत्ती ही वापरण्यासाठीच आहे, मात्र ती जास्तीत जास्त लोकांना जास्तीत जास्त काळ पुरली पाहिजे. त्याच्या विरुद्ध टोकाला जॉन म्यूर उभा होता. म्यूरला अरण्य हे देवालय वाटे, आणि हेच हेची नावाच्या खोऱ्यात सॅन फ्रान्सिस्को शहरासाठी धरण बांधण्याचा बेत निघाला तेव्हा त्याने त्याला प्राणपणाने विरोध केला. १९१३ साली काँग्रेसने धरणास मंजुरी दिली आणि दुसऱ्याच वर्षी म्यूर वारला. अमेरिकन निसर्गरक्षणाचा इतिहास या दोघांच्या कुस्तीत मांडण्याची चाल पडली आहे. लिओपोल्ड शिक्षणाने पिंचोच्या गोटातला, आणि तो त्या गोटातून कधी राजीनामा देऊन बाहेर पडला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

त्याचा जन्म १८८७ सालचा, मिसिसिपी नदीच्या काठच्या बर्लिंग्टन गावचा. वडील लाकडी मेजांच्या कारखान्याचे मालक आणि मोठे शिकारी; परंतु कायद्याची सक्ती नसताना आपल्या शिकारीला आपणच मर्यादा घालून घेण्याची आणि विणीच्या सुमारास बदकांवर बंदूक न उचलण्याची त्यांची रीत होती. वनसेवेत गेल्यावर मुलगा नैर्ऋत्येच्या उघड्याबोडक्या मुलखात पडला, आणि त्याने लग्नही न्यू मेक्सिकोतील एका मोठ्या मेंढपाळ जमीनदार घराण्यातील मुलीशी केले. १९१३ साली वादळात सापडून मूत्रपिंडाच्या विकाराने तो मरणाच्या दारातून परत आला आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहिला. त्यातून उठल्यावर घोड्यावरची रखवाली सुटली आणि शिकारी प्राण्यांच्या संरक्षणाचे काम त्याच्या वाट्यास आले. येथे त्याने शिकाऱ्यांच्या संघटना उभारल्या, ‘द पाइन कोन’ नावाचे पत्र काढले, आणि लांडगे, प्यूमा व कोयोटी यांच्याविरुद्ध शिकारी आणि पशुपालक यांची युती घडवून आणली. यामागचे गणित शाळकरी मुलालाही समजावे इतके सरळ होते. हरणे ही ठेव. श्वापदे हे चोर. चोर नाहीसे केले की ठेव वाढणार आणि शिकाऱ्याला व्याज भरपूर मिळणार. या गणितावर हसण्याचा आपल्याला अधिकार नाही, कारण कंपनीच्या आणि पुढे राणीच्या अमदानीत आपल्याकडेही वाघाच्या आणि लांडग्याच्या मुंडक्यावर सरकारी इनामे लागत, आणि ती घेणारे हात आपलेच होते.

गणित चुकल्याची पहिली मोठी बातमी कायबॅबहून आली. कोलोरॅडो नदीच्या महाघळीच्या उत्तरेस असलेले हे पठार १९०६ साली शिकारी प्राण्यांचे अभयस्थान म्हणून जाहीर झाले, तेथे हरणांच्या शिकारीस बंदी झाली आणि सरकारी शिकाऱ्यांनी प्यूमा, लांडगे व कोयोटी हजारांनी मारले. चारेक हजारांवर असलेली हरणे वाढता वाढता १९२४ च्या सुमारास कोणाच्या मते तीस हजार तर कोणाच्या मते लाखापर्यंत गेली. पठारावरची झाडे हरणाच्या तोंडाच्या उंचीपर्यंत ओरबाडली गेली, आणि लागोपाठच्या हिवाळ्यांत हरणे उपासमारीने मेली. पुढे ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत शिरली, आणि पाठ्यपुस्तकांत शिरलेल्या गोष्टीचे जे होते तेच हिचेही झाले: आकडे घोटून इतके गुळगुळीत करण्यात आले की १९७० साली ग्रॅम कॉगली या शास्त्रज्ञाने ते तपासून मुळात पुरावाच कच्चा आहे, हरणे वाढण्यास श्वापदांच्या नाशाखेरीज गुरेमेंढ्यांची चराई घटणे वगैरे इतर कारणेही असू शकतील, असे दाखवून दिले. अलीकडे तेथील ॲस्पेन वृक्षांची वये मोजून झालेल्या अभ्यासाने मूळ कथेला पुन्हा बराच आधार दिला आहे. आकड्यांचा वाद काहीही असो, लिओपोल्डने यातून जे घेतले ते असे की हरणांची संख्या हा जमेचा एकच रकाना आहे, आणि खालच्या मातीचे व झुडपांचे काय झाले हा रकाना खात्याने वहीत कधी आखलेलाच नव्हता.

याहून बोलका प्रकार न्यू मेक्सिकोतील ‘हिला’ (Gila) नावाच्या रानात घडला. तेथील सुमारे साडेसात लाख एकरांचा डोंगराळ मुलूख रस्त्यांपासून आणि वसाहतीपासून मुक्त ठेवावा अशी तजवीज लिओपोल्डने सुचविली, आणि ३ जून १९२४ रोजी वनसेवेने ती मान्य केली. राष्ट्रीय वनांतील अशा तऱ्हेचे हे पहिले अरण्यक्षेत्र. परंतु तेथील लांडगे आधीच संपविलेले असल्यामुळे हरणे बेसुमार वाढली, त्यांना आवरण्यास बंदूकधारी माणसे आत आणणे भाग पडले, आणि माणसे आत आणावयाची म्हणजे रस्ता हवा. म्हणून काही वर्षांतच त्या रस्तामुक्त अरण्याच्या आरपार एक रस्ता खुला करण्यात आला. लांडगा मारणे आणि अरण्य राखणे ही दोन्ही कामे एकाच माणसाने मनापासून केली होती, आणि पहिल्या कामाने दुसरे बुडविले होते. हे त्याच्या लक्षात येण्यास डोळ्यांतील विझत्या तेजाची गरज नव्हती. नकाशा पुरेसा होता.

आता १९३५ आणि १९३६ ही दोन वर्षे पाहावीत. या दोन वर्षांनी त्याला जे शिकविले ते पुस्तकांनी शिकविले नसते. १९३५ च्या उत्तरार्धात तो वनशास्त्राच्या माहेरी, जर्मनीला, अभ्यासवृत्तीवर गेला. ज्या विद्येत तो वाढला तिची परिपक्व अवस्था त्याला तेथे दिसली: स्प्रूसची झाडे एकाच वयाची, ओळीने उभी, कवायतीतल्या शिपायांप्रमाणे; खाली जमिनीवर ना झुडूप ना रानफूल; हरणे मुबलक, परंतु ती हिवाळ्यात गव्हाणीतून चारा खाऊन जगणारी; आणि जेथे रोपे वाढवावयाची तेथे हरणांपासून ती राखण्यासाठी कुंपण. लाकूड अधिक आणि हरणेही अधिक, असे दोन्हीकडून उत्पन्न वाढविण्याच्या हव्यासाने दोन्ही खाती एकमेकांवर उठली होती. एकाच जातीच्या लागवडीने पुढच्या पिढ्यांत माती आंबट होऊन वाढ खुंटते हे तेथील विचारी वनाधिकाऱ्यांच्या ध्यानात आले होते, आणि मिश्र, अखंड टिकणाऱ्या अरण्याची एक चळवळही तेथे चालू होती. लिओपोल्डने तिची आस्थेने चौकशी केली. आपल्याकडे मिश्र जंगल तोडून सागाच्या रांगा लावल्या जात असताना मेळघाटात किंवा चांद्याकडे ज्यांनी ते पाहिले आहे, त्यांना या जर्मन चित्राची कल्पना करणे कठीण जाऊ नये.

दुसऱ्या वर्षी तो धनुष्यबाण घेऊन मेक्सिकोच्या चिवावा प्रांतात, सिएरा माद्रे पर्वतातील गाविलान नदीच्या खोऱ्यात शिकारीस गेला. अपाची लोकांच्या धाडींच्या भीतीने या मुलखात गुराखी फार उशिरापर्यंत फिरकले नव्हते. डोंगर तेच, पाऊस तोच, ओकची आणि पाइनची झाडे तीच, जी सरहद्दीच्या उत्तरेस त्याने पंधरा वर्षे पाहिली होती. परंतु उत्तरेकडे ओढ्यांच्या घळी झाल्या होत्या आणि येथे ओढे गवताळ काठांतून निवळशंख वाहत होते. येथे लांडगे होते, प्यूमाही होते, हरणेही पुष्कळ होती, आणि तरीही झुडपे ओरबाडलेली नव्हती. निरोगी भूमी म्हणजे काय हे आपण आजवर कधी पाहिलेच नव्हते, ज्यांच्यावर आयुष्यभर उपचार केले त्या सर्व जमिनी आजारीच होत्या, अशा आशयाची कबुली त्याने पुढे दिली आहे. वैद्याला निरोगी देह प्रथमच पन्नाशीच्या उंबरठ्यावर पाहावयास मिळावा असा हा प्रकार होता. भूमीचे आरोग्य हा शब्दप्रयोग यानंतर त्याच्या लिखाणात वारंवार येतो, आणि माझ्या समजुतीप्रमाणे भूनीतीचा खरा पाया तोच आहे. कारण आरोग्य हे एका अवयवाच्या वजनावरून ठरत नाही, आणि हरणांची शिरगणती हे एका अवयवाचे वजन होते.

येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे, म्हणजे क्रम उलटा लागणार नाही. नीतीचा विचार त्याला उतारवयात सुचला असे नाही. १९२३ साली नैर्ऋत्येतील जमिनीच्या धुपीविषयी लिहिता लिहिता पृथ्वी ही सजीव आहे काय, आणि असल्यास तिच्याशी आपले वर्तन कसे असावे, असा प्रश्न त्याने एका लेखात उपस्थित केला होता, मात्र तो लेख त्याने छापला नाही. तो १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. आणि ज्या १९३३ साली पिकाचे शास्त्र सांगणारा मोठा ग्रंथ निघाला त्याच वर्षी ‘द कॉन्झर्वेशन एथिक’ हा त्याचा निबंध वनशास्त्रज्ञांच्या नियतकालिकात आला. १९३९ आणि १९४७ च्या आणखी दोन लेखांतील मजकूर त्यात मिसळून शेवटचा ‘लँड एथिक’ सिद्ध झाला. हिशेब आणि नीती या दोन वह्या तो आरंभापासून एकाच मेजावर ठेवून होता. एकीतली बेरीज चुकत गेली तसतशी दुसरीत भर पडत गेली, इतकेच.

बेरीज चुकली हे स्वतःला पटणे एक आणि लोकांना पटविणे दुसरे. विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात १९४० च्या आसपास हरणे अतोनात वाढली आणि हिवाळ्यात बर्फात कोंडून उपाशी मरू लागली. नागरिकांच्या हरिण-समितीचा अध्यक्ष म्हणून लिओपोल्डने ती मेलेली हरणे डोळ्यांनी पाहिली. १९४३ साली राज्यपालाने त्याला राज्याच्या संरक्षण-मंडळावर नेमले. आणि त्याच वर्षीच्या हंगामात माद्या व पाडसे यांचीही शिकार खुली करण्यात आली. सव्वा लाखाहून अधिक हरणे मारली गेली. मग जो गदारोळ उठला तो त्या राज्यात पूर्वी कधी कोणी पाहिला नसेल. हरणे वाचवा म्हणणारी स्वतंत्र वृत्तपत्रिका निघाली, उत्तरेकडील उपाहारगृहवाले आणि शिकारी एक झाले, आणि प्राध्यापक महाशयांना पुस्तकी पंडित, हरणांचा मारेकरी अशी विशेषणे मिळाली. पुढील काही वर्षे मादीला हात लावावयाचा नाही हा जुना शिरस्ता परत आला. अधिक हरणे म्हणजे अधिक सुख, हा जो धडा त्याने तीस वर्षांपूर्वी नैर्ऋत्येत शिकविला होता, तोच आता विस्कॉन्सिनचे लोक त्याला म्हणून दाखवीत होते. एवढ्या प्रामाणिक विद्यार्थ्यांवर रागावणार तरी कसे?

लांडगिणीवरचा निबंध याच धुमाळीत, एप्रिल १९४४ मध्ये, लिहिला गेला, आणि तोही आपण होऊन नव्हे. अल्बर्ट हॉकबॉम हा त्याचा विद्यार्थी कॅनडातील डेल्टा येथे पाणपक्ष्यांचे संशोधन करीत होता. चित्रकारही होता, आणि गुरूच्या नियोजित पुस्तकाची हस्तलिखिते वाचून परखड पत्रे लिहीत होता. त्याने कळविले की या निबंधांत आपण सतत दुसऱ्यांच्या चुका दाखविता. नैर्ऋत्येतील लांडगे संपविण्यात आपलाही हात होता, ते कोठे दिसत नाही. पत्रव्यवहार काही महिने चालला, लिओपोल्डने प्रथम हात आखडता घेतला, आणि अखेरीस जे उतरले ते ‘थिंकिंग लाइक अ माउंटन’. शिष्याने गुरूकडून कबुली वसूल करावी आणि गुरूने ती द्यावी हे दृश्य मला मूळ प्रसंगाहून अधिक मोलाचे वाटते. शिवाय त्यातून हेही दिसते की पुस्तकाचा सर्वांत भावपूर्ण भाग हा वस्तुतः एका शास्त्रीय आक्षेपाचे उत्तर आहे.

लोकांशी झगडताना त्याला आणखी एक धडा मिळाला, तो मातीच्या रक्षणाचा. विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य भागात कून व्हॅली येथे १९३३ साली धूप थांबविण्याचा देशातील पहिला मोठा पाणलोट-प्रयोग सुरू झाला. शेतकऱ्यांनी पाच वर्षे ठराविक उपाय करावेत, सरकार मजूर, बी-बियाणे आणि अवजारे देईल, असा करार झाला. मुदत संपल्यावर ज्या उपायांनी स्वतःच्या खिशात तत्काळ काही पडत होते तेवढे चालू राहिले, बाकीचे सोडून देण्यात आले. मग १९३७ साली कायदा झाला की शेतकऱ्यांनी आपापल्या टापूत जमीन वापरण्याचे नियम स्वतःच करावेत, सरकार त्यांना तंत्रज्ञ आणि यंत्रे देईल. दहा वर्षांनी लिओपोल्डने हिशेब घेतला तेव्हा एकाही काउंटीने एकही नियम केलेला नव्हता. सवलत घेतली, कर्तव्य घेतले नाही. येथे त्याचा निष्कर्ष फार स्पष्ट आहे: जमीन ही अमेरिकेत बहुतांशी खाजगी मालकीची आहे, आणि सरकारने सर्वच जमीन खरेदी करावी वा प्रत्येक शेतावर अंमलदार बसवावा हे अशक्य, म्हणून मालकाच्या मनात बंधन निर्माण झाल्याखेरीज संरक्षणाचा कारभार चालणार नाही. नीती हा शब्द तो वापरतो तो अशा अगदी कोरड्या, कारभारी अर्थाने. गुलामांना एके काळी मालमत्ता समजत आणि त्यांच्याशी कसे वागावे हा नीतीचा विषयच नव्हता. ओडिसियसने परत आल्यावर घरच्या दासींना फासावर दिले त्यावर त्या काळी कोणी दोष ठेवला नाही. भूमी आज त्या दासींच्या जागी आहे, असा त्याचा युक्तिवाद. कृती योग्य की अयोग्य हे ठरविताना पैशाबरोबरच त्या जीवसमुदायाची अखंडता, स्थैर्य आणि सौंदर्य टिकते काय हेही पाहावे, अशी कसोटी त्याने दिली.

ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने पुस्तक स्वीकारल्याची वार्ता आली आणि आठवड्याभरात, २१ एप्रिल १९४८ रोजी, विस्कॉन्सिन नदीकाठच्या आपल्या पडीक शेताशेजारी लागलेला गवताचा वणवा विझविताना हृदय बंद पडून तो वारला. ते शेत त्याने १९३५ मध्ये घेतले होते. कोंबड्यांच्या खुराड्याचे घर केले होते, आणि पत्नी व पाच मुले यांच्यासह हजारो पाइन लावले होते, ज्यांतील आरंभीचे बहुतेक अवर्षणात जळून गेले. कोणते फूल कधी उमलले, कोणता पक्षी कधी परतला याच्या तेथील तारखा पुढे मुलीने चालू ठेवल्या, आणि १९९९ साली त्या नोंदींवरून वसंत आता लवकर येऊ लागल्याचे सिद्ध करता आले.

भूनीतीवरचे आक्षेप क्षुल्लक नाहीत. टॉम रेगन याने १९८३ साली तिला पर्यावरणीय फॅसिझम ठरविले: समुदायाच्या हितासाठी एका हरणाचा बळी देता येत असेल, तर माणूसही त्याच समुदायाचा सभासद, त्याचा का नाही? बेअर्ड कॅलिकॉट याने उत्तर दिले की नवी नीती जुन्या नीतीवर चढते, तिला पुसून टाकीत नाही; कुटुंबाविषयीचे कर्तव्य गावाच्या कर्तव्याने रद्द होत नाही. हे उत्तर मला पूर्णपणे समाधानकारक वाटत नाही, कारण कर्तव्ये एकमेकांवर आली तर आधी कोणते, हे त्यातून निर्विवादपणे ठरत नाही. स्थैर्याचे तर परिसरशास्त्रच आता पूर्वीइतके खात्रीने नाव घेत नाही. वणवा, पूर, रोग यांनी सतत बदलत राहणे हाच अनेक अरण्यांचा धर्म आहे असे दिसून आले आहे. रामचंद्र गुहा यांनी १९८९ साली अमेरिकन अरण्यवादावर केलेली टीका आपल्याला अधिक लागू पडते: माणसांनी गजबजलेल्या देशात निर्मनुष्य अरण्याचे तत्त्वज्ञान आयात केले म्हणजे त्याची किंमत गरीब वनवासी भरतो. परंतु लिओपोल्डचे अरण्य आणि लिओपोल्डची भूनीती यांत मी फरक करीन. दुसरी ही मुख्यतः शेतांची, बांधांची, खाजगी कुरणांची नीती आहे.

अशा नीतीवाचून काय होते याचे आपल्या घरचे उदाहरण म्हणजे नान्नजचे माळढोक अभयारण्य. १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश एका फर्मानाने अभयारण्य झाला. त्यात शेते आली, गावे आली, शहरेही आली. पक्षी राहत होता शेतकऱ्यांच्या माळावर आणि कायदा राहत होता दफ्तरात. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले, माळढोक म्हणजे कटकट अशी भावना झाली, आणि पुढे ते क्षेत्र पुष्कळ कमी करावे लागले. तोपर्यंत पक्षीही जवळजवळ दिसेनासा झाला होता. कून व्हॅलीत सवलत होती आणि सक्ती नव्हती, येथे सक्ती होती आणि सवलत नव्हती, आणि माळाच्या मालकाला दोन्हीकडे कोणी भागीदार मानले नव्हते.

आकड्यांची जुनी वही लिओपोल्डच्या विस्कॉन्सिनमध्येही अजून मिटलेली नाही. तेथे लांडग्याच्या मुंडक्यावरचे इनाम १९५७ पर्यंत चालू होते, आणि थोड्याच वर्षांत तेथील लांडगा संपला. संरक्षणाचा कायदा झाल्यावर १९७० नंतरच्या दशकात तो शेजारच्या मिनेसोटातून आपल्या पायांनी परत आला. २०२० पर्यंत त्याची संख्या हजाराच्या आसपास गेली. केंद्र सरकारने संरक्षण काढून घेताच फेब्रुवारी २०२१ मध्ये शिकारीचा हंगाम उघडला. मर्यादा २०० ची होती. त्यांतील ८१ चा वाटा करारान्वये ओजिब्वे जमातींचा, उरलेला ११९ चा इतर शिकाऱ्यांचा. तीन दिवस पुरे होण्याआधी २१८ लांडगे मारले गेले. लांडग्याला भाऊ मानणाऱ्या ओजिब्वे लोकांनी आपला वाटा मारण्यासाठी घेतलाच नव्हता. तो लांडग्यांनाच सोडण्याचा त्यांचा बेत होता. पुढील वर्षी न्यायालयाने संरक्षण पुन्हा लागू केले. २०२३ साली राज्याच्या खात्याने नवा आराखडा केला तेव्हा पूर्वीचा ३५० हा ठरीव आकडा त्यातून वगळून प्रत्येक टापूतील परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा असे ठरविले. विधिमंडळाने मात्र आकडा हवाच असे विधेयक मंजूर केले, राज्यपालांनी ते नामंजूर केले, आणि किती लांडगे असावेत याची वादावादी मॅडिसनच्या त्याच सभागृहांतून चालू आहे जेथे १९४३ साली किती हरणे असावीत याची चालली होती.